थंडीत सान्नांचं आणि इडलीचं पीठ फुगत नाही: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने आणि कुठं थांबायचं

सान्नां म्हणजे गोव्यात करतात ती इडलीसारखी वाफवलेली तांदळाची वडी. आधी लक्षणं नीट बघा, कारण "पीठ आलं नाही" या एकाच तक्रारीत चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

रात्री दळून ठेवलेलं पीठ सकाळी होतं तेवढंच आहे. वर पाण्याचा पातळ थर आलाय, खाली तांदळाचा रवा बसलाय आणि वास अजून कच्च्या तांदळाचाच येतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत गोव्यात सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. अशा पिठाला ऊब कमी पडलेली असते, बाकी त्यात काही बिघडलेलं नसतं. ते जवळजवळ नेहमी वाचवता येतं.

वास आंबट आलाय, थोडे बुडबुडेही आहेत, पण पीठ वर चढलेलं नाही. इथे थंडीला दोष देऊ नका. उडीद जुना आहे, पाणी जास्त झालंय किंवा सूर, म्हणजे माडाची ताडी, शिळा आहे.

भांड्याच्या कडेला वरपर्यंत पिठाची रेघ उमटली आहे आणि मधे पीठ खाली बसलंय. म्हणजे ते चढलं आणि तुम्ही उठायच्या आत उतरलंही. थंडीच्या भीतीने ज्यांनी पीठ फार गरम जागी ठेवलं त्यांच्याकडे हे होतं.

पीठ छान फुगलंय, पण वाफवल्यावर सान्नां चपटी आणि चिवट. हा दोष आंबवण्याचा नसतो, त्यानंतरच्या हाताळणीचा असतो.

पिठावर गुलाबी, नारिंगी, काळे किंवा हिरवे ठिपके दिसतात, किंवा आंबटाऐवजी कुबट वास येतो. याला कुठलीही तपासणी नाही. सगळं पीठ टाकून द्या. वरचा थर काढून खालचं वापरू नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

माझं घर सत्तरीत, गोव्याच्या घाटाकडच्या तालुक्यात. नाताळ आला की आसपासच्या घरांतून फोन सुरू होतात, "वहिनी, पीठ येवंक ना गो!" आणि माघातली मंगेशीची जत्रा होईपर्यंत ते थांबत नाहीत. दरवर्षी तोच बिघाड, तीच उत्तरं. ती एकदा नीट लिहून ठेवते. सोप्यापासून अवघडाकडे आणि फुकटापासून खर्चिकाकडे जाते, त्याच क्रमाने तपासा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बहुतेक घरांचा प्रश्न सुटतो.

गोव्याची थंडी कशी असते

उपाय शोधण्याआधी हे समजून घेतलं तर निम्मं काम होतं. पुण्यात किंवा बेळगावात थंडी पडली की घर दिवसभर गार राहतं. आपल्याकडे तसं नसतं. जानेवारीत पणजीत रात्रीचं किमान तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असतं आणि त्याच दिवशी दुपारी ३२ होतं. आत वाळपई, धारबांदोडा, सांगेच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी, पहाट किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार असते. कळंगुटच्या फ्लॅटमध्ये जे पीठ सकाळी सातला तयार असतं तेच सत्तरीतल्या कौलारू घरात दुपारपर्यंत ढिम्म राहतं. सिमेंटचा स्लॅब दिवसाची ऊब रात्री सोडत राहतो, कौलांतून ती निघून जाते.

इडलीच्या पिठाला २८ ते ३२ अंश लागतात. उडदावर आणि तांदळावर मुळातच असलेले जिवाणू, त्यातही ल्यूकोनोस्टॉक नावाचे, पिठातली साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. हा वायू उडदाच्या चिकट फेसात अडकतो आणि पीठ चढतं. ३० अंशांवर जे काम आठ-दहा तासांत होतं त्याला २० अंशांवर दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. सुरावरच्या सान्नांत मुख्य काम यीस्ट करतं. ते थंडी थोडी जास्त सोसतं, पण मंदावतं तेही.

युरोपात घरी बिअर करणारे लोकही थंडीत याच विवंचनेत असतात. फरक एवढाच की त्यांच्या एल जातीच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर खूश असतं, म्हणजे आपली जानेवारीची रात्र त्याला मानवली असती. आपल्या पिठातले जीव उन्हाळ्याचे आहेत. फेणीवाल्यांना ही अडचण येत नाही. काजूचा रस आंबवायचा हंगाम मार्च ते मे, तेव्हा ऊब मागावी लागत नाही.

यातून निघणारी गोष्ट मी प्रत्येकाला पहिली सांगते: गोव्यात गार असते ती फक्त मध्यरात्र ते सकाळचे आठ-नऊ. आणि आपण पीठ नेमकं त्याच वेळी आंबायला ठेवतो.

पहिली तपासणी: वेळ बदलून बघा

यात एक पैसाही लागत नाही. डाळ-तांदूळ संध्याकाळी भिजत घाला. भिजायला थंडीची फारशी आडकाठी नसते, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. गोव्याच्या जाड उकड्या तांदळाला तर रात्रभर भिजणं मानवतंच. पहाटे उठून, किंवा आठ वाजता, दळा. नऊ-दहाला पीठ भांड्यात घालून घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत ठेवा. दुपारची ३०-३२ अंशांची ऊब त्याला आपोआप मिळते आणि संध्याकाळी पाच-सहाला पीठ तयार असतं.

मग प्रश्न येतो, "पण आम्हांला तर सकाळी नाश्त्याला हवंय." संध्याकाळी फुगलेलं पीठ तसंच फ्रिजमध्ये ठेवा, ढवळू नका. सकाळी वाफवण्याआधी तासभर बाहेर काढा. फ्रिजमधलं गार पीठ थेट वाफेवर ठेवलं तर बाहेरचा थर शिजून घट्ट होतो आणि आतला गार राहतो, त्यामुळे सान्न मधे बसतं. चौथं लक्षण ज्यांच्याकडे दिसतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं कारण एवढंच असतं.

पीठ उन्हात ठेवायचं असेल तर भांडं उन्हाच्या शेजारी ठेवा, थेट उन्हात नको. बंद मोटारीत तर मुळीच नको. दुपारच्या उन्हात गाडीच्या आत पन्नास अंशांपर्यंत तापतं आणि पिठातले जीव मरतात.

दुसरी तपासणी: पिठाचं तापमान, खोलीचं नव्हे

लोक मला सांगतात, "स्वयंपाकघर तसं गरमच आहे हो." स्वयंपाकघर असेल. पीठ मात्र रात्रभर टाकीच्या गार पाण्यात भिजलेल्या तांदळाचं, गार दगडात दळलेलं आणि स्टीलच्या पातेल्यात घालून ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेलं असतं. ते खोलीच्या तापमानाला यायलाच कित्येक तास जातात.

टोकदार दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि या सगळ्या धडपडीत तेवढाच एक खर्च मी सगळ्यांना करायला लावते. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो ३२ अंशांखाली आकडाच दाखवत नाही. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला पिठाचा थेंब लावा. स्पर्श जाणवलाच नाही, तर पीठ साधारण योग्य उबेचं आहे. गार लागला तर पंचविसाच्या खाली आहे असं धरून चाला.

दळून झाल्यावर लगेच तापमान घ्या. ते २६ च्या खाली असेल तर पुढचे दोन उपाय करा. २८ ते ३० असूनही सकाळी पीठ तसंच राहिलं असेल, तर ऊब टिकत नाहीये किंवा दोष दुसऱ्या ठिकाणी आहे.

तिसरी तपासणी: दळताना घालायचं पाणी

पीठ उबदार करायची सगळ्यात सोपी वेळ दळतानाचीच आहे. भिजलेले डाळ-तांदूळ मिळून एक किलो असतील आणि २१ अंशांवर असतील, तर ४०० मिलिलिटर ४५ अंशांचं पाणी घातल्यावर पीठ २९-३० अंशांवर येतं. ४५ अंशांचं पाणी म्हणजे बोट बुडवता येतं, पण चांगलंच गरम लागतं, इतपत. दगडाच्या ग्राइंडरमध्ये दगड आणि ड्रम थोडी ऊब शोषून घेतात, म्हणून तिथे दोन-तीन अंश कमी धरा. मिक्सर उलट स्वतःच पीठ तापवतो. उन्हाळ्यात ती अडचण असते, थंडीत तीच सोय होते. फक्त पीठ हाताला चटका बसेल इतकं तापू देऊ नका.

एक पथ्य पाळा. गरम पाणी तांदळाला घाला, उडदाला नको. उडीद साध्या पाण्याने, थोडंथोडं घालत, वेळ देऊन दळायचा म्हणजे त्यात हवा भरते. दोन्ही एकत्र केल्यावर तापमान जुळतं.

पाणी कुठलं, हेही बघा. विहीर असेल तर पहाटे विहिरीचं पाणी घ्या. जमिनीखालचं पाणी थंडीतही फारसं गार होत नाही, म्हणून पहाटे ते कोमट लागतं, तर गच्चीवरच्या टाकीतलं रात्रभर गारठलेलं असतं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा किंवा उकळून कोमट करा. विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तरी हेच करा. एकट्या क्लोरिनने सहसा पीठ अडत नाही, पण आधीच थंडीने मंदावलेल्या जिवांवर तो आणखी एक भार होतो.

चौथी तपासणी: भांडं कशावर ठेवलंय, कशात गुंडाळलंय

ग्रॅनाइट, कडप्पा, लादी हे सगळे दगड भांड्यातली ऊब खेचून घेतात. भांड्याखाली लाकडी पाट ठेवा, किंवा घडी घातलेलं जाड गोणपाट. खिडकी पूर्वेकडे उघडत असेल तर रात्री ती बंद करा. घाटावरून उतरणारा कोरडा वारा थेट भांड्यावर येत असेल तर पिठाचा वरचा थरही सुकतो.

पांघरुणाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. घोंगडी ऊब निर्माण करत नाही, असलेली धरून ठेवते. तीस अंशांचं पीठ गोधडीत गुंडाळलं तर बराच वेळ तीसच्या जवळ राहतं. वीस अंशांचं पीठ त्याच गोधडीत गुंडाळलं तर ती सकाळची ऊबसुद्धा आत येऊ देत नाही आणि पीठ न गुंडाळलेल्या पिठाच्याही मागे पडतं. म्हणून हा उपाय तिसऱ्या तपासणीनंतरचा आहे. आधी पीठ गरम, मग पांघरूण.

दोन वाट्यांचं थोडकं पीठ झपाट्याने गार होतं. थंडीत थोडं जास्त दळा आणि भांडं असं निवडा की पीठ अर्ध्यापर्यंत येईल. चढायला जागा हवी, पण मोठ्या परातीत पसरून ठेवू नका.

पाचवी तपासणी: उडीद, मीठ आणि जामण

इथपर्यंत सगळं नीट असूनही पीठ चढत नसेल तर आता सामान बघा.

उडीद किती जुना आहे? वाण्याकडे पावसाळाभर पडून राहिलेली डाळ दळल्यावर फेसाळत नाही. दळलेल्या उडदाचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाका. तरंगला तर उडीद आणि दळणं दोन्ही ठीक आहेत. बुडाला तर आणखी पाच मिनिटं दळा आणि पुन्हा टाकून बघा. तरीही बुडाला तर दोष डाळीचा आहे. वायू धरून ठेवणारा फेस उडदाच्या प्रथिनांतून आणि चिकटपणातून येतो. तो नसेल तर पीठ आंबेल, पण फुगणार नाही. दुसऱ्या लक्षणाचं हे सगळ्यात मोठं कारण. शक्यतो फुटकी डाळ न घेता अख्खा सोललेला उडीद घ्या आणि चार भाग तांदळाला एक भाग उडीद घालत असाल तर थंडीत तीनाला एक करा.

डाळ फार धुऊ नका. एक-दोन पाणी पुरे. आंबवणारे जिवाणू डाळीच्या अंगावरच असतात. सात पाण्यांनी धुतलेल्या डाळीबरोबर तेही मोरीत जातात. उडीद भिजवलेलं पाणी दळायला वापरा.

मिठावरून घरोघरी वाद आहेत. आयोडिनच्या मिठाने पीठ येत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. मिठातलं आयोडिन दशलक्षात काही दहाच भाग असतं, त्यातलं पिठात येतं ते नगण्य. पिठाला अडवायला ते पुरेसं नाही. मिठाचं प्रमाण मात्र जास्त झालं तर कामाचा वेग नक्की मंदावतो. म्हणून थंडीत मीठ वाफवण्याच्या आधी घाला आणि अलगद मिसळा, विशेषतः सुरावरच्या पिठात.

मागच्या चांगल्या पिठाचे दोन-तीन चमचे जामण (विरजण) म्हणून नव्या पिठात मिसळले तर थंडीत फार मदत होते, कारण काम सुरू करणाऱ्या जिवांची संख्याच सुरुवातीपासून मोठी असते. मी प्रत्येक चांगल्या घाण्यातून एक लहान डबी फ्रिजमध्ये बाजूला काढते. घरात नसेल तर शेजारी मागा. रोज इडल्या करणाऱ्या खानावळवाल्याकडून वाटीभर पीठ मिळालं तर त्याहून चांगलं जामण नाही.

सुरावरची सान्नां असतील तर

इथे जरा थांबते, कारण नाताळात सगळ्यात जास्त रडकुंडीला येतात ते सुरावर सान्नां करणारे, आणि त्यांना इडलीचे नियम सांगून उपयोग नसतो.

माडावरून उतरवलेला सूर पहिल्या तासापासून आंबायला लागतो. त्यातलं यीस्ट ताजेपणी जोरात असतं. दिवसभर ठेवलेल्या सुरात साखर संपत आलेली असते आणि व्हिनेगरची आंबटी वाढलेली असते; तो पिठाला आंबट करतो, चढवत नाही. म्हणून रेंदेराकडून, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याकडून, सकाळी उतरवलेला सूर घ्या आणि त्याच सकाळी वापरा. रेंदेर कमी होत चालले आहेत, त्यामुळे बाजारात मिळणारा सूर कधी उतरवलेला आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. सुराच्या बाटलीचं झाकण कधीही घट्ट लावू नका. आतला वायू बाटली फोडतो.

तपासणी अशी: अर्धी वाटी सूर, एक चमचा साखर, वाटी कोमट पाण्यात ठेवलेली. अर्ध्या तासात वर फेस आला पाहिजे. आला तर सूर ठीक आहे, पीठच गार आहे. आला नाही तर तो सूर पिठात घालून तांदूळ आणि नारळ वाया घालवू नका.

गरम दिवसांत सुरावरचं पीठ दीड-दोन तासांत चढतं. थंडीच्या सकाळी चार तासही लागतात. उकडे आणि सुरय (न उकडलेले) तांदूळ, खोवलेला नारळ हे सगळं गार असेल तर सूरही गार होतो. तांदूळ दळताना कोमट पाणी घाला आणि सूर अगदी शेवटी. दळलेलं पीठ हाताला चटका देत असेल तर ते कोमट होईपर्यंत थांबा, मगच सूर घाला.

सूर मिळालाच नाही तर कोरडं यीस्ट चालतं. दोन वाट्या तांदळाला अर्धा चमचा. ३५ ते ३८ अंशांच्या पाण्यात थोड्या साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवा, फेस आल्यावर पिठात घाला. पाणी ४५ च्या वर नको. चव सुराची येत नाही हे खरं, पण सान्न हलकं होतं. नारळाच्या पाण्यात हे यीस्ट फुलवलं तर वासही बराच जवळ येतो. पूर्वी पोदेरही (पाव भाजणारे) पाव फुगवायला सूरच वापरत. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच आहे, तेव्हा नाताळच्या घाईत यीस्ट वापरलं म्हणून कुणी मन खट्टू करू नये.

सहावी तपासणी: बाहेरून ऊब द्यायची कशी

वेळ बदलणं शक्य नाही, रात्रीच पीठ ठेवावं लागतं, आणि घर खरंच गार आहे, अशांसाठी हे.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे झाकणाची थर्माकोलची पेटी. मासळीवाल्यांकडे असते तशी, स्वच्छ आणि कोरडी, किंवा सहलीला नेतो तो बर्फाचा डबा. त्यात पिठाचं भांडं पाटावर ठेवा आणि शेजारी, भांड्याला न टेकवता, ६० अंशांच्या पाण्याची एक लिटरची स्टीलची बाटली. झाकण लावा. तासाभराने पिठाचं तापमान बघा. तीन किलो पीठ बावीसवर असेल तर दुसरी बाटली लागेल. तीसच्या जवळ असेल तर एकच पुरे. झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदललं की सकाळपर्यंत पेटी उबदार राहते. यात वीज लागत नाही, आग लागत नाही आणि पीठ जळत नाही.

ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवायचा उपाय चांगला आहे, पण आधी दिवा कुठला आहे ते बघा. जुना तारेचा दिवा असेल तर ओव्हनच्या आत चांगली ऊब येते. एलईडी असेल तर जवळजवळ काहीच येत नाही. "पूर्वी दिव्याने पीठ यायचं, आता का येत नाही?" असं विचारणाऱ्यांच्या घरी दिवाच बदललेला असतो. ओव्हन आधी तापवून मग त्यात भांडं ठेवू नका. तापलेला पत्रा कडेचं पीठ शिजवतो आणि मधलं गारच राहतं. मायक्रोवेव्हमध्ये उकळत्या पाण्याचा पेला आणि शेजारी पिठाचं भांडं, दार बंद, यंत्र बंद, हेही चालतं. पेला दोन-तीन तासांनी बदलावा लागतो.

राइस कुकर "वॉर्म"वर ठेवू नका. तो भात गरम ठेवण्यासाठी आहे, साठ अंशांच्या वर जातो आणि पीठ अर्धवट शिजतं.

गरम करणारी चटई आणि तापमान नियंत्रक घेणार असाल तर त्याचा संवेदक भांड्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून त्यावर कापडाची घडी ठेवा. बिअरवाले हेच करतात. संवेदक हवेत लोंबकळत ठेवला तर यंत्र खोलीचं तापमान मोजतं, आणि हवा गार आहे म्हणून तापवत राहतं. इकडे पीठ चाळीसच्या वर जातं. तिसऱ्या लक्षणातली कडेची रेघ बऱ्याचदा अशीच उमटते. मात्र सहा-सात आठवड्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. नाताळात ऑर्डरी घेणाऱ्यांनीच याचा विचार करावा.

ऑर्डरीचं पीठ असेल तर आणखी एक. दहा किलो पीठ एकाच पिंपात ठेवू नका. गार मोठा गोळा आतून उबायला कित्येक तास घेतो, तोवर कडेचं पीठ पुढे निघून जातं. तीन-चार भांड्यांत वाटून ठेवा.

अर्धवट आलेल्या पिठाचं काय करायचं

सकाळी पीठ तसंच आहे, पण वास स्वच्छ आहे. भांडं थर्माकोलच्या पेटीत, बाटली शेजारी, आणि चार तास हात लावू नका. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघितलं की जमवलेली ऊब निघून जाते, आणि ढवळलं की अडकलेला वायूही जातो.

पाहुणे दारात असतील तर त्या पिठाचे पोळे (डोसे) घाला. न फुगलेल्या पिठाचे पोळे छान होतात. सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालून सान्नां फुगवता येतात, पण त्यात आंबवण्याची चव येत नाही. आणि बिघाड झाकला जातो, म्हणजे पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तिसेक अंशांच्या उबेत चोवीस तास ठेवूनही एकही बुडबुडा नाही, आंबट वास नाही, तर त्या पिठावर आणखी वेळ घालवू नका. टाकून द्या आणि डाळ बदला.

उडदाचा थेंब नव्या डाळीचाही बुडत असेल, दळायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागत असेल, तर ग्राइंडर तपासायला द्या. पट्टा सैल झाला असेल तर दगड पूर्ण वेगाने फिरत नाहीत आणि उडदात हवा भरत नाही. दगड गुळगुळीत झाले असतील तर त्यांना टाकी लावून घ्यावी लागते किंवा ते बदलावे लागतात. पट्टा घरी बदलणारे लोक आहेत, पण मी मेकॅनिककडेच देते. पट्टा वेडावाकडा बसला तर मोटर जळते. मोटर घूं घूं करते पण ड्रम फिरत नाही, किंवा जळका वास येतो, तर त्याच क्षणी बटण बंद करून प्लग काढा आणि पुन्हा लावून बघू नका.

ग्राइंडरच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर ते यंत्र त्या दिवसापासून बंद. ओल्या हातांनी, ओल्या लादीवर, अनवाणी आपण ते चालवतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि यंत्राबरोबर घराचं अर्थिंगही तपासून घ्या. थर्माकोलच्या किंवा पुठ्ठ्याच्या पेटीत तारेचा दिवा लावून रात्रभर ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका, होल्डर कितीही चांगला असला तरी. थर्माकोल वितळतो आणि पेट घेतो.

संशयास्पद पिठाचं काही खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, ताप सुरू झाला तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवता जवळच्या आरोग्य केंद्रात जा. लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर लगेच. डॉक्टरांना पीठ केव्हा दळलं आणि किती वेळ बाहेर होतं ते सांगा.

आणि दुसऱ्या दिवशी घरात कार्य आहे, तीस माणसं जेवायला आहेत आणि संध्याकाळी पाचपर्यंत पिठाने काही हालचाल केली नाही, तर त्याच्या मागे रात्र जागू नका. रोज करणाऱ्या खानावळीला किंवा सान्नांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला सहाच्या आत फोन करा. उशीर झाला तर त्यांनाही पीठ चढवायला वेळ मिळत नाही, कारण त्यांच्याही घरी रात्र तेवढीच गार असते.